मामांनी धरलेली जागा

गोंदियाच्या नव्या सिनेमागृहात तिकिटावर खुर्चीचा नंबर छापलेला असतो. तरी सुखराममामा शेजारच्या खुर्चीवर दुपट्टा टाकून जागा धरतात. हॉलमध्ये सातच माणसं असली तरी.

"बाबाजी, पूरा हॉल खाली है," दारावरचा माणूस हसतो.

"आता खाली हाय. मंग भरला त?"

सवय जुनी आहे. मी आठ वर्षांचा असताना मामांनी मला दरेकशाहून पॅसेंजरनं पहिल्या सिनेमाला आणलं. तेव्हा नंबर नसत. दार उघडलं की धावायचं आणि बाकावर दुपट्टा फेकायचा. मामा धावले; मी मागून निवांत आलो. पुढंही कित्येक वर्षं असंच चाललं.

आता माझी मुलगी सिनेमा मोबाइलवर पाहते, गाणी पुढं ढकलत. मी घरच्या सोफ्यावर बसतो आणि सुरुवातीची नावं संपायच्या आत घोरू लागतो. हॉलला जाणारे एकटे मामा, पंचाहत्तरीचे. दर शुक्रवारी दुपारचा शो पाहायचा आणि रविवारी आमच्याकडे येऊन त्याची गोष्ट सांगायची.

गोष्ट कधी जुळायचीच नाही.

"मंग तो बाप पोरीच्या गळ्यात पडून रडते…"

"आबाजी, तो बाप नाही, व्हिलन आहे! गळा दाबतो तो तिचा!"

"तू पिच्चर पळवून पळवून पाहते, तुले का समजन?"

सगळ्यांत मोठ्यानं मी हसायचो.

एका रविवारी ते म्हणाले, "आजकाल पिच्चर लय अंधारे काढून राहिले, बाप्पा. काऊन असन?"

"हल्ली तशीच फॅशन आहे, मामा," मी समजावून सांगितलं. ते शहाणपण आता परत कसं घेऊ?

निघताना चप्पल पायानं शोधत ते हमखास विचारत, "येत्या शुक्रवारी येशीन का?"

"पुढच्या नक्की." असे किती पुढचे शुक्रवार मी त्यांना दिले, ते आठवायचंही धाडस होत नाही.

गेल्या शुक्रवारी गेलो. शरमेपोटी गेलो, आणि तेही उशिरा. मध्यंतर झालं होतं, सगळे दिवे लागले होते. मामांशेजारच्या खुर्चीवर दुपट्टा होता. मी काही न बोलता त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. मामांनी मान वर करून थेट माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"हे जागा धरली हाय, भाऊ. माह्या भाच्याची हाय."

"मामा… मीच."

दुपट्टा उचलायला त्यांचा हात खुर्ची चाचपत गेला. "आला! बस, बस." उशिराबद्दल एक अक्षर नाही.

दिवे गेले, सिनेमा सुरू झाला. थोड्या वेळानं ते माझ्या कानाशी वाकले.

"कोनीतरी रडून राहिलं. सांग बरं, कोन?"