दालचिनीचे तीन नवरदेव

"अख्खी हयात मी रॉटरडॅमच्या बंदरावर क्रेन चालवली. घराएवढे डबे जहाजावर असे अलगद ठेवायचो, की खाली झोपलेला उंदीर कूस बदलायचा नाही. मला काय बिस्किटं जड आहेत?"

लेंडर्ट फान ड्रीलने ही फुशारकी मारली ती ड्रेंट प्रांतातल्या एल्डरफेन गावच्या समाजघरात, गुरुवारच्या कॉफीला, भरल्या सभेत! संत निकोलासचा सण तोंडावर आला होता. या वर्षी बदाम-दालचिनीची स्पेक्युलास बिस्किटं आपण घरी करणार, असं त्याने जाहीर करून टाकलं.

"अंडं उकडता येतं का तुम्हाला?" हिलेखीनने विचारलं.

सगळे खो खो हसले. लेंडर्टही हसला. हिलेखीन हसली की तो हसायचाच.

बायको गेल्यावर लेकीच्या जवळपास राहावं म्हणून तो या गावात आला होता. हिलेखीनही एकटीच. दर गुरुवारी ती शेजारच्या खुर्चीवर आपली पर्स ठेवून जागा अडवायची आणि लेंडर्ट दारात दिसला की ती उचलायची. बोलणं म्हणाल तर हवापाण्याचं. पण तेवढ्यावर लेंडर्टचा आठवडा निघायचा.

जुन्या बाजारात त्याला स्पेक्युलासचा एक लाकडी साचा मिळाला होता. हातभर लांब! त्यात कोरलेला उंच टोपीवाला, काठीवाला, रुबाबदार गृहस्थ. हा गृहस्थ भाजून हिलेखीनला द्यायचा, असं त्याच्या मनात होतं. पण तिला एकटीलाच दिला तर गाव काय म्हणेल? लेंडर्टने डोकं लढवलं. रस्त्यापलीकडे रूल्फीन आणि आल्टीन या दोघी विधवा बहिणी राहायच्या. त्यांनाही एकेक देऊन टाकू. म्हणजे कुणाला संशयच नको! आपल्या हुशारीवर तो बेहद्द खूश झाला.

करायला घेतल्यावर मात्र खुशी उतरली. पहिल्या गृहस्थाचं धड बाहेर आलं, मुंडकं साच्यातच राहिलं. लेंडर्टने साचा ओट्यावर आपटला. धाड! धाड!

"अरे ए, भिंत पाडून येतोयस का?" पलीकडून शेजारी हार्म ओरडला. "दार उघडंच आहे!"

"बिस्किटं करतोय!"

"घण घेऊन?"

दुसऱ्याचा पाय गेला. तिसरा ओव्हनमध्ये असा फुगला, की गावजेवणाहून परतल्यासारखा दिसायला लागला. शेवटी साच्याला तांदळाचं पीठ चोळायची बुद्धी झाली आणि तीन गृहस्थ धडधाकट बाहेर आले. लेंडर्टने त्यांच्या कोटाला बदामांची बटणं लावली. दालचिनी-लवंगेच्या वासाने घर भरून गेलं. तिघांना चकचकीत कागदात गुंडाळून, लाल फिती बांधून तो निघाला. आधी अर्थातच हिलेखीनकडे.

तिने दार उघडलं. बाहुला पाहिला. मग लेंडर्टकडे पाहिलं आणि तिचे गाल पिकल्या सफरचंदासारखे झाले.

"हे... माझ्यासाठी?"

"मग! स्वतःच्या हाताने केलाय."

"लेंडर्ट, तुम्ही काय देताय ते कळतंय ना तुम्हाला?"

"न कळायला काय झालं? सकाळपासून त्याच्याच मागे आहे मी!"

हिलेखीन हळूच हसली. दोन्ही हातांनी बाहुला छातीशी धरून ती बाजूला झाली. "या ना आत. कॉफी टाकते."

आता एवढ्यावर माणसाने गुपचूप आत जावं की नाही? पण लेंडर्ट भांबावला, जीभ सैल सुटली आणि तो म्हणाला, "नको नको, अजून दोन वाटायचेत!"

"दोन?"

"रूल्फीनला आणि आल्टीनला! गरम आहेत तोवर देऊन टाकतो!"

हिलेखीनचं हसू विझलं. "हो का," ती म्हणाली आणि दार लागलं. वाऱ्याने लागलं असेल, असं लेंडर्टला वाटलं. वारा नव्हता.

बहिणी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या. त्याने दोघींसमोर एकेक बाहुला ठेवला. आल्टीनच्या हातातली सुरी खाली पडली. चर्चमध्ये बाजा वाजवणारी रूल्फीन, जिला हसताना कुणी पाहिलं नव्हतं, तिने केस सारखे केले.

"दोघींनाही?" आल्टीनने विचारलं.

"हो, भांडण नको!" लेंडर्ट म्हणाला.

घरी आला तर हार्म ओट्याशी उभा राहून मोडके तुकडे खात होता. "मस्त झालंय की रे! बाकीचे कुठे गेले?"

"वाटले. एक हिलेखीनला, दोन त्या बहिणींना."

हार्मला असा ठसका लागला, की लेंडर्टने त्याच्या पाठीत गुद्दे घातले. डोळे पुसत हार्म म्हणाला, "अरे शहाण्या, या बाहुल्याला आमच्याकडे नवरदेव म्हणतात, नवरदेव! माझ्या आजोबांनी आजीला असाच नेऊन दिला होता. एकट्या बाप्याने एकट्या बाईच्या दारात हा नेला, की मागणी घातली. तिने ठेवून घेतला, की जमलं!"

"आणि तिघींनी ठेवून घेतला तर?"

"तर पाद्रीबाबांना विचारावं लागेल. मला तरी असा नियम माहीत नाही!"

हार्म हसत सुटला. लेंडर्टला हसू येईना. त्याच्या डोळ्यांसमोर हिलेखीनचे लाल झालेले गाल आले आणि मग आपलंच वाक्य कानात वाजलं. अजून दोन वाटायचेत! पेपर टाकणारा बोलावा तसं! तो मटकन खुर्चीत बसला.

दुसऱ्या दिवशी तो पाव आणायला गेला, तर पाववाली म्हणाली, "एकच पाव? आता घरात माणसं वाढणार म्हणे!" रांगेतल्या बायका खुदखुदल्या. लेंडर्ट पाव तिथेच विसरून परतला. लेक मारीटचा फोन आला, "बाबा, तुम्ही एका दिवसात तीन बायकांना मागणी घातलीत?"

"अगं, बिस्किटं होती ती!"

"तेच तर म्हणतेय मी!"

त्यात हार्मने बातमी आणली, की बहिणींनी एकमेकींशी बोलणं टाकलंय. थोरलीच्या नवरदेवाला धाकटीच्या नवरदेवापेक्षा एक बटण जास्त होतं! हिलेखीनबद्दल मात्र कुणी काही सांगेना, आणि लेंडर्टची विचारायची छाती होईना. तो मागच्या बोळाने ये-जा करायला लागला. समोरून सायकल आली की झाडाकडे बघत उभा राहायचा.

गुरुवारी मात्र मन घट्ट करून तो समाजघरात गेला. आत पाऊल टाकताच सगळ्या माना वळल्या. हिलेखीनची पर्स शेजारच्या खुर्चीवर होती. तिने ती उचलली नाही.

लेंडर्टने तिथेच उभ्याउभ्या घसा खाकरला. "मंडळी, मला तुमची रीत माहीत नव्हती. माझी चूक झाली. मला कुणाशीच लग्न करायचं नाही!"

"म्हणजे आम्ही टाकाऊ?" रूल्फीन कडाडली.

"तसं नव्हे, तुम्ही फारच चांगल्या आहात..."

"मी नाहीच म्हणणार होते!" आल्टीन उसळली. "काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. तेवढंही सुख तुम्ही मला मिळू दिलं नाहीत!"

हिलेखीन उठली, रिकामे कप गोळा केले आणि आतल्या स्वयंपाकघरात गेली. लेंडर्ट तिच्या मागे धावला आणि त्याने दार लोटून घेतलं. ती पाठमोरी उभी राहून कप विसळत होती.

"हिलेखीन, मला लाज वाटते. मान वर करवत नाही."

"वाटू दे."

"तो फक्त तुमच्यासाठी होता. लोक बोलतील म्हणून मी बाकीचे दोन केले. घाबरलो मी. एवढाले डबे उचलले जन्मभर, पण तुमच्या दारात माझे हात कापत होते."

नळ बंद झाला. हिलेखीन वळली. तिचे डोळे ओले होते, पण आवाज करडा होता. "मी त्याला छातीशी धरला होता, लेंडर्ट. या वयात! आणि मग म्हणे, अजून दोन वाटायचेत! अहो, मुलीसारखी लाजले मी. तुमची लाज सोडा, माझी काय झाली असेल?"

लेंडर्ट खाली बघून म्हणाला, "परत एकदा विचारू का?"

"आत्ता नाही. मी रागावलेय." तिने हात पुसले. "पुढच्या वर्षी विचारा. पण एकच करायचा! आणि लवंग कमी घाला. जीभ बधिर झाली माझी."

"खाल्लात?"

"टोपी तेवढी."

लेंडर्टचा चेहरा उजळला. तो काहीतरी गोड बोलणार, एवढ्यात मागून कुणीतरी हुंदका दिला. त्याने वळून पाहिलं. कप देण्याघेण्याची भिंतीतली खिडकी सताड उघडी होती! तिच्यात अख्खं समाजघर दाटीवाटीने उभं होतं. पुढे रूल्फीन रुमालाने नाक पुसत होती, तिच्या खांद्यावर आल्टीनची हनुवटी होती आणि मागून हार्म टाचा उंचावून बघत होता.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लेंडर्टला वाटलं. पण ही ड्रेंटची ओलीचिंब जमीन. ती कसली दुभंगते!

"पुढच्या वर्षी म्हणाली, नीट ऐकलंय आम्ही," रूल्फीनने बजावलं.

"लेंडर्ट," हार्म म्हणाला, "तुमचं झालं असेल तर कॉफी पाठव रे. कधीचे ताटकळलोय!"

कानांच्या पाळ्या लालभडक झालेला लेंडर्ट मुकाट्याने किटलीकडे वळला.