गॅलनला नऊ

टॅबर क्रीक गावात खोटं बोलणं खपवून घेतलं जात नाही. गाडीचं ॲव्हरेज यात मोडत नाही, कारण ते बोललं जात नाही, जाहीर केलं जातं.

जाहीर करण्याची जागा म्हणजे अर्डिथच्या खानावळीतलं खिडकीजवळचं लांब टेबल. नेब्रास्कातल्या इतर गावांसारखी इथेही घरटी एक अवजड पिकअप. पेट्रोलवरची, पुढे दिंडीदरवाजाएवढी जाळी, मागे जोडीजोडीने चाकं, आणि त्यांच्यावरच्या हौद्यात एक फावडं आणि पुष्कळशी हवा. सकाळी या गाड्या खिडकीबाहेर ओळीने उभ्या राहतात आणि त्यांचे मालक आत ओळीने बसतात. प्रत्येकाच्या नावाचा कप भिंतीवर खुंटीला टांगलेला असतो. खुंटीवरून कप उतरतो तो दोनच कारणांनी. एक तर माणूस मेला, नाहीतर डिझेलवर गेला.

ॲव्हरेज काढायची रीत सोपी आहे. धान्याच्या कोठारापासून रस्ता उताराला लागतो. तिथे पश्चिमेचा वारा पाठीशी घ्यायचा, समोरच्या पडद्यावरचा आकडा शून्यावर आणायचा, पाय उचलायचा, आणि चर्चच्या दारात पोचल्यावर पडद्यावर जे दिसेल ते वर्षभर सांगायचं. चर्चच्या दारात वाचलेला आकडा खोटा असतो असं म्हणायला जीभ धजत नाही.

गाडीच्या भरवशाचंही तसंच. टॅबर क्रीकमध्ये गाडी कधी बंद पडत नाही. पेट्रोल पिकअप मालक मंडळाचे अध्यक्ष डेल्मर वोस यांच्या गाडीचा गिअरबॉक्स दोनदा बदलला, तरी गाडीने त्यांना एका दिवसाचा त्रास दिलेला नाही. "गिअरबॉक्स म्हणजे काही गाडी नव्हे," ते सांगतात. "तो गाडीबरोबर येतो. पाहुणा असतो तो."

अशा या सुखी गावात व्हर्लिन कुचेरा राहत होता. साठी ओलांडलेला, सरळ, गोडाचा भुकेला. भिंतीवर खिडकीकडून तिसरा कप त्याचा. तो कप आणि त्याखालची खुर्ची याखेरीज देवाकडे त्याने काही मागितलं नव्हतं. शेत मुलगा बघत होता, घर बायको लोरीन बघत होती, आणि व्हर्लिनकडे बघणारं असं हे टेबलच काय ते होतं.

घात झाला तो पडद्याने. व्हर्लिनच्या गाडीचा समोरचा पडदा मावळला. आकडा दिसेना. आता उताराला जाऊन उपयोग नव्हता. तेव्हा व्हर्लिनने एक गोष्ट केली, जी त्या गावात कुणी केली नव्हती आणि करायची कुणाला गरजही भासली नव्हती. टाकी भरली, गाडी चालवली, पुन्हा टाकी भरली, आणि झालेल्या मैलांना लागलेल्या गॅलनांनी भागलं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचा गोड रोल होता. डेल्मरने रिवाजाप्रमाणे उजवीकडून सुरुवात केली.

"मर्ल?"

"साडेपंधरा," मंडळाचा चिटणीस मर्ल पॉस्पिशिल म्हणाला.

"डॉक्टर?"

"पंधरा," डॉक्टर लुंडग्रेन म्हणाले. "गेल्या आठवड्यात तर सोळा. हवा चांगली होती."

"व्हर्लिन?"

व्हर्लिनचं तोंड रोलने भरलेलं होतं. भरल्या तोंडी माणूस विचार करत नाही.

"नऊ."

अर्डिथच्या हातातली किटली थांबली. कुणीतरी खुर्ची मागे सरकवली.

"एकोणीस म्हणाला तो," मर्ल मायेने म्हणाला.

"नाही रे, नऊ," व्हर्लिन घास गिळत म्हणाला. "गॅलनला नऊ मैल. मीही चाट पडलो."

"तुला कळलं कसं?" डेल्मरने हळूच विचारलं. डॉक्टर घरच्यांना बाजूला घेऊन विचारतो, तशा आवाजात.

"भागाकार केला."

"भागाकार!" डेल्मरने टोपी काढली. "व्हर्लिन, अरे, आपण गाडीवर विश्वास ठेवणारी माणसं. भागाकार डिझेलवाले करतात."

त्या सकाळी व्हर्लिनच्या गाडीवर सल्ल्यांचा पाऊस पडला. हवा भर. हवा सोड. दुसऱ्या पंपाचं पेट्रोल घाल. हौद्यातलं फावडं काढ. व्हर्लिनने सगळं केलं. टायर बदलले, प्लग बदलले, फावडं कोठीत ठेवलं. पुन्हा भागाकार केला. नऊच. एकदा तर साडेआठ, पण तेव्हा लोरीन बरोबर होती, आणि हे त्याने घरी सांगितलं नाही.

मंडळाने मग तपासणी समिती नेमली. समितीत डेल्मर, मर्ल आणि खुद्द समितीवर देखरेख ठेवायला पुन्हा डेल्मर. तिघांनी मिळून, म्हणजे दोघांनी, गाडी दिवसभर चालवली, आणि व्हर्लिनच्या आग्रहाखातर, डोळे मिटून कडू औषध घ्यावं तसा, भागाकारही केला.

नऊ आले.

दोघे गाडीत बराच वेळ बसून राहिले. गाडी तर डेल्मरच्या गाडीसारखीच होती. त्याच कारखान्यातली, त्याच वर्षाची, रंगसुद्धा तोच. ही नऊ देत असेल तर... डेल्मरने तो विचार काच खाली करून बाहेर टाकला.

समितीचा निष्कर्ष टेबलावर वाचून दाखवण्यात आला: गाडी निर्दोष आहे, चालक सदोष आहे. सबब चालकाच्या उजव्या पायाची वैद्यकीय तपासणी व्हावी.

डॉक्टर लुंडग्रेन यांनी पाय तपासला. उचलून पाहिला, सोडून पाहिला. वजनकाट्यावर एकेक पाय ठेवायला लावला.

"जड आहे," ते म्हणाले.

"पायच तो, डॉक्टर. मला जोडलेला आहे."

"तेच तर. डावा एवढा जड नाही."

"डाव्या पायात बूट नाही माझ्या. तुम्हीच काढायला सांगितलात."

डॉक्टरांनी त्याच्याकडे खेदाने पाहिलं. रोगी वाद घालायला लागला की रोग मुरला असं समजावं. त्यांनी कापडी बूट आणि आठवडाभर रोल बंद असा इलाज सांगितला. आणि पाय बरा होईपर्यंत, संसर्ग नको म्हणून, व्हर्लिनचा कप खुंटीवरून उतरवून फडताळात ठेवण्यात आला. अर्डिथने त्याला कॉफी दिली ती कागदी पेल्यात. वाटसरूला देतात त्या. वर झाकणसुद्धा लावून.

लोरीनने ते झाकण घरी पाहिलं आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"तुझा पाय जड? आणि त्या डेल्मरची जीभ? ती कुठल्या काट्यावर ठेवायची? सांग ना त्यांना तोंडावर, की सगळ्यांचं नऊच आहे म्हणून!"

"सांगून काय होईल, लोरीन?"

"खरं होईल!"

"खरं झालेलंच आहे गं," व्हर्लिन कापडी बुटांकडे बघत म्हणाला. "मला माझा कप पाहिजे."

आता मंडळाची वार्षिक सहल आली. सगळ्यांनी आपापल्या पिकअपला राहायची चाकावरची घरं जोडायची आणि राज्याच्या वायव्य टोकाला चॅड्रनला जायचं. मध्ये सगळ्या वाळूच्या टेकड्या. गवत, गाई आणि आभाळ. पंप म्हणाल तर देवाच्या कृपेइतका विरळ. दरवर्षी सहल दुसऱ्या, वस्तीच्या रस्त्याने जाई आणि कुणी ना कुणी 'बायकोला पाय मोकळे करायचेत' म्हणून पंपावर वळे. यंदा मात्र हवेत नऊचा संशय होता. तो निपटून काढायला डेल्मरने घोषणा केली: टेकड्यांमधून जायचं, एका टाकीत जायचं. जाहीर ॲव्हरेजने हिशेब केला तर पोचून वर टाकीत पेट्रोल उरत होतं. हिशेबाला कुणाची हरकत नव्हती. हरकत घ्यायची म्हणजे भागाकार करावा लागला असता.

"आणि व्हर्लिन?" मर्लने विचारलं.

"रुग्णाला सवलत," डेल्मर म्हणाला. "त्याने सगळ्यांच्या मागे यावं. हौद्यात पेट्रोलचे डबे घेऊन यावं. हसायचं नाही कुणी."

व्हर्लिनने हौदा डब्यांनी भरला. इतके लाल डबे की दुरून टोमॅटो बाजाराला निघालेत असं वाटावं.

टेकड्या सुरू होण्याआधीच्या वस्तीत शेवटचा पंप लागला. ताफ्याचा वेग आपोआप मंदावला. प्रत्येकाने पुढच्याच्या वळणदिव्याकडे आशेने पाहिलं. पुढच्याने त्याच्या पुढच्याकडे. सगळ्यांत पुढे डेल्मर होता, आणि त्याच्यापुढे नुसती त्याची प्रतिष्ठा. मर्लच्या गाडीचा दिवा एकदा लुकलुकला आणि लगेच विझला. 'कोपर लागलं,' असं त्याने नंतर सांगितलं. पंपवाला दारात उभा राहून हात हलवत होता. सगळ्यांनी त्याला दोन बोटं उचलून रामराम केला आणि ताफा पुढे गेला.

टेकड्यांमध्ये वारा समोरून आला. चर्चच्या दिशेने वाहायची त्याला इथे सक्ती नव्हती.

पहिल्यांदा डॉक्टर थांबले. व्हर्लिन शेजारी येऊन उभा राहिला, तेव्हा ते टाचा उंचावून गवताकडे बघत होते.

"काही बिघडलं का, डॉक्टर?"

"छे! पक्षी बघतोय."

"कुठला?"

"उडाला."

पुढच्या टेकडीमागे मर्ल. त्याने बोनेट उघडून ठेवलं होतं आणि इंजिनाला वारा घालत होता. गाडी बंद पडलेली नाही, तिला थोडी विश्रांती देतोय, असं त्याने न विचारताच सांगितलं. त्यापुढे एकेक करत सारं मंडळच रस्त्याच्या कडेला निसर्गात रमलेलं होतं. बायका पंख्यासारख्या टोप्या हलवत होत्या. एक गाय कुंपणावर मान ठेवून सगळं बघत होती, आणि तिने काही विचारलं नाही यातच तिची कुलीनता दिसली.

सगळ्यांत पुढे डेल्मर. तो गाडीच्या आतच बसला होता, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून, गाडी चालत असल्यासारखा.

लोरीनने नवऱ्याचा दंड धरला. तिचा चेहरा नुसता फुलला होता. "जा! बोल आता! असा दिवस पुन्हा नाही यायचा, व्हर्लिन. काच वाजव आणि एकच शब्द म्हण. नऊ!"

व्हर्लिन गेला. काच वाजवली. डेल्मरने काच उतरवली, पण मान वळवली नाही. त्याचे कान मात्र डब्यांइतके लाल झाले होते.

व्हर्लिनच्या ओठांवर शब्द आला होता. अगदी दाताशी. त्याने त्या कानांकडे पाहिलं.

"डेल्मर," तो म्हणाला, "एक उपकार करशील?"

"काय?" डेल्मरचा आवाज टाकीसारखाच कोरडा होता.

"माझ्या हौद्यात हे डबे आहेत ना, त्यांच्या ओझ्याने माझं ॲव्हरेज फार पडतंय बघ. थोडं पेट्रोल तुझ्या गाडीत ओतू देशील? तुला गरज नाही, मला ठाऊक आहे. पण माझा भार हलका होईल."

डेल्मरने आधी पेट्रोलच्या काट्याकडे पाहिलं. मग त्याने मान वळवली, घसा साफ केला आणि अध्यक्षांना शोभेल अशा आवाजात म्हणाला, "मित्राला अडचणीत मदत नाही करायची, तर मंडळ कशाला काढलं?"

मग काय! मदतीची नुसती झुंबड उडाली. डॉक्टर पक्षी सोडून धावत आले. "माझ्याकडेही थोडी जागा आहे, व्हर्लिन!" "अरे, दोन डबे दे इकडे, लाजू नकोस!" "याचा किती भार उचलला रे तू? मी जास्त उचलतो!" लोरीन एकेक डबा पुढे करत होती आणि ओठ चावत होती, हसू येत होतं की रडू, ते तिचं तिलाच कळत नव्हतं. शेवटी ती डबा पोटाशी धरून मटकन खाली बसली आणि खो खो हसली. गाय दचकून निघून गेली.

चॅड्रनला पोचल्यावर मर्लने उभं राहून इतिवृत्त वाचलं. वाटेत एकाही सदस्याने पेट्रोल विकत घेतलं नाही. सबब जाहीर ॲव्हरेज सिद्ध झालं असून त्यात एक मैल वाढवण्यात येत आहे. सदस्यांनी एका रुग्णाचा भार वाहून माणुसकी दाखवली. मात्र डब्यातलं सगळं पेट्रोल रुग्णाच्याच खात्यावर पडत असल्यामुळे त्याचं ॲव्हरेज गॅलनला तीन भरतं, याची मंडळ चिंतेने नोंद घेतं.

त्यानंतरच्या पहिल्या सकाळी टेबलावर पुन्हा उजवीकडून सुरुवात झाली. मर्ल साडेसोळा. डॉक्टर सोळा. मग डेल्मर थांबला. सगळे आपापल्या कॉफीत बघू लागले. कुणालाच तीन ऐकायचं नव्हतं, आणि नऊ तर त्याहून नको होतं.

"व्हर्लिन?" डेल्मर जवळजवळ विनवून म्हणाला. "आता तरी?"

व्हर्लिनने कागदी पेल्याचं झाकण काढलं. पुन्हा लावलं.

"सतरा," तो म्हणाला.

टेबलाने असा सुस्कारा सोडला की पडदे हलले. "पाय हलका झाला!" डॉक्टर उठून ओरडले. "बघा, कापडी बूट!" डेल्मरने डोळे पुसले आणि चष्म्याला दोष दिला. अर्डिथने फडताळातून कप काढला, आतून बाहेरून पुसला, काठोकाठ भरला आणि व्हर्लिनपुढे ठेवला. त्या कॉफीची चव कशी होती हे तो कुणाला सांगू शकला नाही.

लोरीनने हे ऐकलं आणि दिवसभर ती त्याच्याशी बोलली नाही. सतरा! ज्याने खरं बोलायचं धाडस केलं होतं, तोच शेवटी सगळ्यांत मोठा आकडा सांगून बसला! तिला कुणाला तरी हे सांगायचंच होतं. संध्याकाळी ओमाहाहून बहिणीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर बहीण म्हणाली, "आमच्या यांची नवी गाडी गॅलनला सतरा देते म्हणे. तुमचं ते धूड किती देतं गं?"

लोरीनने श्वास घेतला. खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात ते धूड उभं होतं.

"अठरा," ती म्हणाली.

हसलात? हसा. आणि तुमची दुचाकी लिटरला किती देते, ते मी विचारलंसुद्धा नाही. तरी आत्ता मनातल्या मनात जो आकडा सांगितलात, त्यातले पाच आधी कमी करा.