सबनीसकाकांचे भाडेकरू

सबनीसकाका भेटल्यावर 'काय, कसं काय?' असं कधी विचारत नाहीत. ते विचारतात, "किती झाले?"

श्रूजबरीतल्या आमच्या गल्लीत नव्याने राहायला आलेल्या माणसाला वाटतं, म्हातारा वय विचारतोय. किंवा पगार. तसं नसतं. सोमवारपासून आत्तापर्यंत तुमच्या पोटात किती वेगवेगळ्या वनस्पती गेल्या, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. आठवड्याला तीस झाल्याच पाहिजेत. तीळ चालतात, हिंग चालत नाही. कढीपत्ता चावून खाल्ला तर एक, ताटाच्या कडेला काढून ठेवला तर शून्य.

"सतरा," मी एकदा ठोकून दिलं.

"मोज."

मी त्यांच्या ड्राइव्हवेवर उभा राहून बोटं मोजायला लागलो. पोहे, शेंगदाणे, कांदा, बटाटा, कोथिंबीर. एक हात संपला आणि गाडी अडली.

"बटाटेवडा," मी म्हणालो.

"त्यातला बटाटा आधीच धरलाय."

"मग बेसन?"

"बेसन धरू. सहा. आज गुरुवार आहे मिलिंद. तुझे भाडेकरू उपाशी आहेत."

भाडेकरू म्हणजे आपल्या आतड्यात राहणारे जंतू. काकांच्या मते माणूस हा मुळात एक घरमालक आहे. घर बांधतो तो, राबतो तो, आणि घरात राहतात हे दुसरेच. त्यांना नीट खायला घातलं तर ते घराची डागडुजी करतात. उपाशी ठेवलं तर भिंती खायला लागतात. "म्हातारपण वरून येत नाही," ते म्हणतात, "ते खालून चढतं. केस पांढरे व्हायच्या आधी आतली वस्ती कमी झालेली असते." हे सगळं ते माझ्या पोटाकडे बघत सांगतात. माझं पोट आता माझ्या दोन पावलं पुढे चालतं आणि माझ्या प्रत्येक कोटाच्या खिशात अॅसिडिटीच्या गोळ्या सापडतात, त्यामुळे मला वाद घालता येत नाही.

यातली गंमत अशी की काकांनी नोकरीची तीस वर्षं जंतू मारण्यात घालवली. वूस्टरजवळ शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करणारी एक कंपनी होती, तिथे ते सुपरवायझर होते. एक जंतू जरी जिवंत राहिला तरी सगळा माल परत. निवृत्त झाले आणि त्याच जमातीला रोज भिजवलेले मूग खाऊ घालायला लागले.

"प्रायश्चित्त घेताहेत," शैलाकाकू म्हणायच्या. "घेऊ देत. मला फक्त त्यात ओढू नका म्हणावं."

पण ओढलं जायचंच. घरात नाचणीची आंबील कायम फसफसत असायची. एक बाटली काकांनी मलाही दिली होती. ती मी जुलै महिन्यात गाडीत विसरलो. संध्याकाळी ऑफिसातून बाहेर आलो तर गाडीच्या छताला आतून आंबील लागलेली. ती कार मी पुढे ज्याला विकली, त्याला मी हे सांगितलेलं नाही.

काकू त्यांच्यासाठी सगळं करायच्या आणि स्वतः सकाळी चहाबरोबर पांढरा पाव आणि वर बोटभर बटर खायच्या. काका वर्तमानपत्राआडून बघायचे.

"शैला, यात शून्य आहे."

"माझ्या भाडेकरूंना हेच आवडतं. तुमचे तुमच्याकडे ठेवा."

काकू गेल्याला आता दोन वर्षं होतील. त्या बर्फावर घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, जखमेत पू झाला म्हणून जबरदस्त अँटिबायोटिक्स दिली. जखम भरली. पण त्या औषधांनी आतली सगळी वस्ती उठवली आणि रिकाम्या जागेत एक वाईट जंतू येऊन बसला. जुलाब थांबेनात. औषध दिलं की आठ दिवस बरं, की पुन्हा तेच. मेधा, म्हणजे माझी बायको, रोज मऊ भात घेऊन जायची आणि डबा तसाच परत आणायची. शेवटी शेवटी काकूंच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायच्या.

मग डॉक्टरांनी एक उपाय सुचवला. निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू घेऊन ते रोग्याच्या आतड्यात सोडायचे. ऐकून मी खिशातली अॅसिडिटीची गोळी काढून तोंडात टाकली. काकांच्या चेहऱ्यावर मात्र महिन्याभरात पहिल्यांदा रंग आला. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना हॉस्पिटलला घेऊन गेलो. मांडीवर ही जाड फाइल. सहा वर्षांत रोज काय खाल्लं, किती प्रकार, पोट कसं साफ झालं, सगळं तारीखवार.

"माझे घ्या," ते डॉक्टरबाईंना म्हणाले. "या गावात यापेक्षा चांगले मिळायचे नाहीत."

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी फाइलची चार पानं खरोखर वाचली. मग हळूच सांगितलं, की दाता तपासलेला आणि तरुण लागतो, तुमचं वय बसत नाही.

परतीच्या वाटेवर काकांनी फाइल मांडीवरून काढून पायाशी ठेवली. टाउन हॉल गेल्यावर म्हणाले, "केस बघून लोक म्हातारा म्हणतात ते ठीक आहे रे. आतून म्हातारा म्हणालेलं पहिल्यांदाच ऐकलं."

काकूंची ती ट्रीटमेंट गुरुवारी ठरली होती. त्या मंगळवारीच गेल्या.

त्यानंतर काकांचं मोजणं वाढलं. लोक टाळायला लागले. गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, शाळेच्या कॅफेटेरियात ते एकेकाच्या ताटाशी जाऊन उभे राहायचे आणि मंडळी ताट घेऊन सरकायची. मीही सरकलोय. एकदा तर फोन आल्याचं नाटक करून बाहेर गेलो आणि पार्किंगमध्ये उभं राहून जिलबी खाल्ली.

मग गेल्या वर्षीचा ऑक्टोबर आला. अंगणातली पानं गोळा करताना काकांच्या नडगीला गुलाबाचा काटा लागला. तिसऱ्या दिवशी पाय सुजून लाल झाला. डॉक्टरने अँटिबायोटिकच्या गोळ्या लिहून दिल्या आणि लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून दिली. लाली रेघेबाहेर गेली तर थेट हॉस्पिटल, म्हणाला.

हे मला कळलं ते काकांच्या मुलीकडून, अनघाकडून. ती बेलव्ह्यूला असते, पार दुसऱ्या किनाऱ्यावर. शनिवारी सकाळी तिचा फोन आला. "मिलिंददादा, बाबा म्हणतात सगळं फाइन आहे. पण व्हिडिओ ऑन करत नाहीयेत. प्लीज एकदा चेक कर ना. मी फ्लाइट बघतेय."

गेलो. काका सोफ्यावर, पाय स्टुलावर, अंगात ताप. पेनाची रेघ दिसत होती. लाली तिच्या चार बोटं वर गेली होती. गोळ्यांची बाटली टीपॉयवर, सील तसंच.

"काका, हे काय आहे?"

"पाय."

"चेष्टा पुरे. गोळ्या का नाही घेतल्या?"

"नाही घ्यायच्या."

मी चिडलो. मला समजावता येत नाही, म्हणून मी चिडतो. मेधाने याचं निदान लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात केलं होतं. "काकूंचं त्या औषधांनी झालं म्हणून तुम्ही घाबरताय," मी म्हणालो. "पण प्रत्येक वेळी तसं होत नाही. अहो, पाय जाईल. जीव जाईल!"

"घाबरतोय कोण? तिला दिलं ते बरोबरच होतं. मी डॉक्टर असतो तर मीही दिलं असतं."

"मग?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. कंपनीत नव्या पोराला मशीन समजावून देताना पाहत असतील तसं.

"एकेचाळीस वर्षं एका घरात राहिलेल्या नवराबायकोचे भाडेकरू सामायिक होतात, मिलिंद. एक स्वयंपाक, एक पंचा, एका पेल्यातलं पाणी. तिचे माझ्याकडे येतात, माझे तिच्याकडे जातात. हे मी नाही म्हणत, तपासून पाहिलेलं आहे. तिच्यातले हॉस्पिटलात संपले. ती गेली तेव्हा आत कुणी नव्हतं. तिचे जे काही उरलेत ते इथे आहेत." त्यांनी हात पोटावर ठेवला. "फोटो आहेत, साड्या आहेत. पण जिवंत असं तिचं हेच. आणि ही गोळी निवडून मारत नाही. सरसकट मारते. मला विचार."

"परत येतात ना ते नंतर?" मी विचारलं.

"कुणीतरी येतं. तेच येतात असं नाही."

"अनघाकडे असतील की. आईकडूनच आलेले."

"अनघा वीस वर्षं सॅलडवर आहे."

मला हसू आलं, आणि लगेच इतकी शरम वाटली की मी खिडकीकडे वळलो. बाहेर अर्धवट भरलेल्या पानांच्या पिशव्या तशाच पडल्या होत्या. मी पाठमोराच म्हणालो, "काका, तुम्ही गेलात तर त्यांचं काय होणार? घरच पडलं तर ते कुठे जातील?"

मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"हे खरं आहे," काका म्हणाले. अहवालातली चूक कुणीतरी दाखवून दिल्यासारखे. "मला पाच मिनिटं दे."

भिंतीला धरत ते बाथरूममध्ये गेले. पाच मिनिटांची चाळीस झाली. मी दोनदा दार वाजवलं, आतून "थांब रे!" एवढंच. बाहेर आले ते घामाने भिजलेले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत पिशवी, त्यात आणखी एक पिशवी, आणि सगळ्यात आत स्टीलची डबी.

"ही तुमच्या फ्रीजरमध्ये ठेव. इथे ठेवली तर अनघा येऊन फ्रीज साफ करेल."

डबीत काय आहे ते विचारावं लागलं नाही. माझा हात पुढे होईना.

"बाहेरून निर्जंतुक केलंय," ते म्हणाले. "त्यात मला कुणी शिकवू नये."

मी ती घेतली. कोमट होती. "फ्रीजरमध्ये जगतात हे?"

"थोडे दिवस. मग बहुतेक मरतात. घरचा फ्रीजर पुरत नाही, उणे ऐंशी लागतं."

"मग?"

"मग काय? असू दे."

त्यांना हॉस्पिटलमध्ये अॅडमिट करून मी घरी आलो. आमच्या घरात मेधाचं राज्य आहे. तिच्या फ्रीजरमध्ये कांद्याची पेस्टसुद्धा व्हिसा असल्याशिवाय जात नाही. मी मटारच्या पिशवीमागे डबी लपवत होतो आणि ती मागे येऊन उभी राहिली. सगळं सांगितलं. तिने पिशवी माझ्या हातातून ओढून घेतली, प्लॅस्टिक ताणून धरलं आणि डबीवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं वाचलं, 'चि. सौ. कां. शैला व चि. प्रभाकर यांस सप्रेम भेट, बंडूमामा.'

मग तिने पराठे आणि मटार खाली कोंबले आणि वरचा अख्खा कप्पा मोकळा केला.

काका नऊ दिवस हॉस्पिटलमध्ये होते. शिरेतून औषध, सरसकट मारणारं. पाय वाचला. काठी घेऊन घरी आले, अनघा दोन आठवडे राहून गेली. डबीचं नाव त्यांनी काढलं नाही, आम्हीही काढलं नाही.

जानेवारीत मोठं वादळ झालं आणि गावाची वीज गेली. सकाळी आठ वाजता दारावर थाप. काका. दोन घरांचं अंतर, पण गुडघाभर बर्फातून ते दुखरा पाय ओढत आले होते. टोपीवर बर्फ, नाक लाल, श्वास लागलेला. आत आले तरी विचारायचं धाडस होईना. फ्रीजकडे बघत राहिले.

"काका, डेकवर आहे," मेधा म्हणाली.

मला हे माहीतच नव्हतं. वीज गेली तशी ती उठून, बूट चढवून बाहेर गेली होती. घरामागच्या लाकडी डेकच्या कोपऱ्यात बर्फात खड्डा केला होता, डबी त्यात ठेवून वर बर्फ दाबला होता आणि सापडावी म्हणून एक लाकडी उलथनं उभं रोवलं होतं.

काका काचेच्या दाराशी जाऊन उभे राहिले. बाहेर सगळं पांढरं, त्यात ते एक उलथनं.

"बाहेर किती आहे?"

"उणे चार. फॅरनहाइट," मी म्हणालो. म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे वीस. "आपल्या फ्रीजरपेक्षा चांगलं आहे, काका."

"हो. चांगलं आहे," ते म्हणाले. काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ धरली होती, ती त्यांनी बाहीने पुसली.

"पण शैलाला थंडी सोसत नाही रे."