मधली दोन माणसं

गिरधर पाटील गेली अकरा वर्षं मिठाची वाटी उचलत होता.

दर श्रावणात कानबाई देवीच्या सणाला तो जळगावहून शिरपूरकडच्या आपल्या गावी जायचा. देवीच्या नैवेद्याचे रोट जेवायला सगळी भाऊकी एका पंगतीला बसायची, कारण घराण्याची कानबाई एकच, ती काही वाटून घेता येत नाही. त्या पंगतीत त्याचे दोन काका, थोरले निंबा आबा आणि धाकटे चुडामण नाना, हातभर अंतरावर बसायचे आणि एकमेकांशी अक्षर बोलायचे नाहीत. मध्ये बसायचा गिरधर.

"गिरधर, आबाले सांग, मीठ इकडे सरकाव."

आबांना हे स्वच्छ ऐकू जायचं. तरी ते गिरधरकडे बघत थांबायचे.

"आबा, नानाले मीठ पाहिजे."

"त्याले सांग, भाजीमा मीठ बराबर शे."

मग गिरधर हा निरोप नानांना द्यायचा, शेवटी स्वतःच उठून वाटी उचलायचा, आणि तोवर त्याचं वरण गार झालेलं असायचं. पंगतीपुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण वर्षभर जळगावात पिंप्राळ्याच्या त्याच्या पत्त्यावर दोघांची पोस्टकार्डंही यायची. आबांनी नानांना काय कळवायचं ते गिरधरला लिहायचं, आणि गिरधरने जळगावहून ते नानांना लिहायचं. दोघांची घरं समोरासमोर होती. जिल्हा परिषदेत दिवसभर आवक-जावक सांभाळून आलेला माणूस घरी येऊन पुन्हा आवक-जावकच करत होता.

भांडणाचं मूळ गिरधरच्या लग्नात होतं. आबांनी धुळ्याहून फोटोवाला आणला होता. त्याने भाऊकीचा मोठा फोटो काढला आणि त्यात कडेला उभे असलेले नाना कापले गेले. एक खांदा आणि अर्धी मिशी तेवढी आली. "माले मुद्दाम कापं," असं म्हणून नाना जे गप्प झाले ते झाले.

"म्हणजे माझ्या लग्नाच्या वाढदिवसाबरोबरच या भांडणाचाही वाढदिवस," गिरधरची बायको कुंदाबाई म्हणायची. ती धुळ्याची. तिच्या माहेरचा फोटोवाला म्हणून तिलाही दोन्ही बाजूंनी टोमणे मिळायचे.

त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याऐंशी साली, नानांचं कार्ड आलं. भाऊकीचा फोटो नव्याने निघाला, आणि आपण त्यात मधोमध पुरे आलो, तर आपण बोलायला तयार आहोत. मात्र फोटो कानबाईसमोर निघाला पाहिजे, आणि रोटांच्या दिवसांत परका माणूस घरात चालत नाही, तेव्हा काढणारा भाऊकीतलाच पाहिजे. खाली लिहिलं होतं, हे आबाला कळव. गिरधरने कळवलं. आबांचं उत्तर आलं, मंजूर आहे, पण मधोमध थोरला बसतो हे त्याला कळव.

भाऊकीतला शहरात राहणारा माणूस एकच. गिरधरने आयुष्यात कॅमेरा हातात धरला नव्हता. पण या एका फोटोने आपली ही घरगुती टपालखात्यातली नोकरी सुटणार, या आशेवर तो बन्सीलालच्या घड्याळाच्या दुकानात गेला. बन्सीलाल घड्याळांबरोबर जुने कॅमेरेही दुरुस्त करून विकायचा.

"हा आरशाचा," बन्सीलालने एक भला मोठा कॅमेरा पुढे केला. "यात जे दिसतं तेच येतं. पण जड आहे."

गिरधरने तो गळ्यात अडकवून बघितला आणि लगेच काढून ठेवला. आधीच बऱ्याच गोष्टी गळ्यात होत्या.

"मग हा घ्या. जपानी आहे, वीस वर्षांचा, पण घोड्यासारखा चालतो. रेंजफाइंडर म्हणतात याला." हा कॅमेरा तळहाताएवढा, चामड्याच्या खोक्यातला होता. "या खिडकीतून बघा. मधोमध पिवळा चौकोन दिसतो का? त्यात बाहेरचा तो सायकलवाला दोन दोन दिसतोय. आता ही कडी फिरवा."

गिरधरने कडी फिरवली. दोन सायकलवाले हळूहळू एकमेकांजवळ आले आणि एक झाले. गिरधरला उगाचच गहिवरून आलं. दोन माणसं एक करणारं यंत्र जगात आहे, हे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

"तोटा काय याचा?" त्याने विचारलं. फुकट आनंद व्हायची त्याला सवय नव्हती.

"तोटा काही नाही. फक्त यात बघायची खिडकी वेगळी आणि फोटो काढायचा डोळा वेगळा. डोळ्यावर झाकण राहिलं तरी खिडकीतून सगळं छान दिसतं. पुष्कळांचे रोल असे फुकट गेलेत. झाकण विसरू नका, बस."

पुढचे पंधरा दिवस गिरधरने झाकणाचा ध्यास घेतला. ऑफिसला निघताना झाकण, जेवताना झाकण. "झोपेत झाकण झाकण म्हणत होतात," कुंदाबाईने सांगितलं. गच्चीवरची टाकी, शेजाऱ्यांची स्कूटर, वाळत घातलेल्या चादरी अशा सगळ्यांची दोनाची एक करून त्याने हात बसवला.

कानबाईच्या सोमवारी, विसर्जनासाठी देवी अंगणात आणली की तिच्यासमोर फोटो ठरला. गिरधरने सकाळी उठल्याबरोबर पहिलं काम केलं ते झाकण काढून खिशात टाकण्याचं. कॅमेरा स्टुलावर ठेवला आणि तो माणसं बसवायला लागला. चौतीस माणसं होती. लहान पोरं एका जागी राहत नव्हती आणि मोठी माणसं एका जागेवरून हलत नव्हती. आबा मधल्या खुर्चीवर बसले होते. नाना खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, "गिरधर, त्याले सांग, मधमा मी."

"नानाले सांग, थोरला मी शे."

गिरधरने कपाळावरचा घाम पुसला. आणि त्या क्षणी त्याला जन्मात न सुचलेली थाप सुचली. "आबा, नाना, हाऊ कॅमेरा येगळा शे. याले मधमा दोन मानसं लागतस. खांद्याले खांदा लाईसन. नहीते यंत्र चालतच नही."

यंत्रापुढे कोणाचं काही चालत नाही. दुसरी खुर्ची आली. दोन भाऊ खांद्याला खांदा लावून, दोन दिशांना बघत बसले.

एवढ्यात नानांची बायको, ताईबाई काकी, पूजेचं ताट घेऊन स्टुलाजवळून आली. "गिरधर, तुना यंत्रानी पूजा कयी मी. नवी वस्तू शे, कानबाईना समोर उनी शे."

"बरं कयं काकी," गिरधर एका पोराला दुसऱ्याच्या पाठीवरून उतरवत म्हणाला. ट्रॅक्टर आला की बॉनेटवर कुंकू लावतात, तसं चामड्याच्या खोक्याला लावलं असेल, असं त्याने धरलं.

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. खिडकीत अंगण लख्ख दिसत होतं. "नाना दोन दिसी ऱ्हायनात," तो कडी फिरवत पुटपुटला.

"एकच पुरा व्हता," आबा हवेत बघून म्हणाले.

दोन नानांचा एक नाना झाला. गिरधरने खटका दाबला. खात्री असावी म्हणून आणखी चार काढले. मग कोणी म्हणालं आमच्या जोडीचा काढ, कोणाला बैलाबरोबर पाहिजे होता, कोणाला नव्या कुकरबरोबर. छत्तीसचा रोल बारा वाजायच्या आत संपला. अंगणातून सगळे समाधानाने पांगले. त्या चौतीस माणसांपैकी एकालाही काही वावगं वाटलं नाही.

धुळ्याच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना गिरधरने झाकण लावायला कॅमेरा काढला. डोळ्याच्या काचेवर, बरोबर मधोमध, बोटभर ओलं कुंकू वाळून घट्ट बसलं होतं. त्यावर एक अक्षतही होती.

तो नखाने ते खरवडायला लागला. कुंदाबाईने वाकून बघितलं.

"अगं बाई! आणि एवढी माणसं समोर बसली होती, कोणी बोललं नाही?"

"त्यांना वाटलं असेल, ते तसंच असतं," गिरधर म्हणाला. "दिसत नव्हतं ते फक्त मला."

जळगावच्या स्टुडिओतल्या पंडितने फोटो हातात देताना त्याच्याकडे जरा आदरानेच बघितलं. "साहेब, हे मुद्दाम केलंय का?" कडेची माणसं खणखणीत आली होती. शेवटची सून हसत होती, तिच्या नाकातली चमकीसुद्धा मोजून घ्यावी अशी. कुंपणावरून डोकावणारी शेजाऱ्यांची बकरी तर फारच छान आली होती. मधोमध मात्र तांबूस धुकं होतं, आणि त्या धुक्यातून खुर्च्यांचे आठ पाय आणि माणसांचे चार पाय बाहेर आले होते.

गिरधरने फोटो कपाटात ठेवले. कार्डं यायला लागली. फोटो केव्हा येतो ते आबाला विचारून कळव, असं नानांचं. फोटो दडवू नको असं नानाला सांग, असं आबांचं. तो उत्तर देत नव्हता. काय लिहायचं? नाना पुन्हा फोटोत नाहीत, आणि या वेळी थोरलेही नाहीत? कुंकू लावणारी नानांची बायको आहे हे आबांना कळलं, तर पुढची अकरा वर्षं त्या भांडणाची. त्याला जेवण जाईना. ऑफिसात त्याने एक जावक पत्र आवकात नोंदवलं, आणि असं त्याच्या हातून नोकरीत कधी झालं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात रविवारी सकाळी दारात रिक्षा थांबली. एका बाजूने आबा उतरले आणि दुसऱ्या बाजूने नाना. दोघांनी आपापली पहाटेची गाडी धरली होती, ती एकच निघाली, आणि स्टँडवर पिंप्राळ्याला यायला रिक्षाही एकच होती. दोघे खाटेच्या दोन टोकांना बसले.

"फोटो," आबा म्हणाले.

आता सुटका नव्हती. गिरधरने पाकीट आबांच्या हातात दिलं आणि पाणी आणतो म्हणून स्वयंपाकघरात पळाला. खरं म्हणजे माठाला कपाळ टेकून तो नुसता उभा राहिला.

बाहेर पाकीट उघडलं. आबांनी फोटो लांब धरला, जवळ धरला, उलटा धरला. नाना मान ताणत होते. "गिरधर, आबाले सांग..." त्यांनी सुरुवात केली. पण गिरधर तिथे नव्हता. नानांनी दोन वेळा घसा खाकरला. शेवटी राहवेना.

"दखाड," ते म्हणाले.

चहाचं ताट घेऊन आलेली कुंदाबाई दारातच थबकली. आबांनी फोटो पुढे केला. नानांनी बघितला.

"मी कोठे शे?"

"माले काय इचारस? मी तरी कोठे शे?"

"बकरी उनी शे."

"बकरी झकास उनी शे. गिरधर! इकडे ये रे!"

गिरधर आला आणि गुन्हेगारासारखा भिंतीला टेकून उभा राहिला. मग दोघांनी मिळून त्याला असा सोलला की बोलायची सोय नाही. एकाचा श्वास संपला की दुसरा पुढचं वाक्य उचलायचा. इतलं शिकीसन काय कयं, जपानी यंत्र कसाले पाहिजे, चौतीस मानसं उन्हात बसाडी ठेयी. कुंदाबाईला ते ऐकवेना.

"आबा, पण यांचा काय दोष? ते कुंकू..."

"काच पुसायची राहिली," गिरधर मोठ्याने म्हणाला. तिला वाटेतच थांबवून तो पुढे बोलत राहिला. "चूक मनीच शे. माले फोटो काढता येत नही."

कुंदाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आबांनी चहाचा कप उचलला.

"चुडामण, हाऊ पोऱ्या बापवर गया."

"बराबर. दादा बी असाच व्हता. बैलगाडीना चाकले वंगण लावाले सांगं, तर गाडीवाननी बसानी जागाले लायी ठेवं."

"तू धडकन खाले पडना व्हता."

"तू हसना व्हता."

"हसनू ना!" आबा म्हणाले, आणि पुन्हा हसले. नानाही हसले. गिरधरचे वडील जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि गाडीचा हा किस्सा त्याने कधी ऐकला नव्हता. आपल्याला शिव्या चालू आहेत हे तो काही वेळ विसरूनच गेला.

संध्याकाळी तो दोघांना स्टँडवर पोचवायला गेला. आबा तिकिटाच्या खिडकीकडे गेले तसे नाना त्याच्या कानाशी लागले. "गिरधर, कुकू तुनी काकीनी लायं व्हतं. तिनीच माले सांगं. तू गप ऱ्हायना, बरं कयं. आबाले सांगू नको."

नाना पाणी प्यायला नळावर गेले आणि आबा परत आले. त्यांनीही इकडेतिकडे बघितलं.

"मी देखं व्हतं," ते हळूच म्हणाले. "मन्हा मव्हरेच लायं तिनी, आमना तोंडसमोर. माले वाटनं, यंत्रले लागत व्हई. आते बोलनू, तर परत तेच सुरू व्हई. मी थकनू रे भो. चुडामणले सांगजो नको."

"नही सांगत," गिरधर म्हणाला. दोन निरोप, आणि दोन्ही कुठेच पोचवायचे नव्हते. एवढं सोपं काम त्याला आजवर मिळालं नव्हतं.

गाडी लागली. दोघांना एकच बाक मिळाला. खिडकीशी नाना बसले होते.

"सरक, खिडकीजवळ मी बसस," आबा म्हणाले.

"पहिले मी उनू."

"थोरला मी शे."

नानांचं तोंड सवयीने बाहेर वळलं. "गिरधर, याले सांग..." म्हणता म्हणता ते थांबले. त्यांनी खाली उभ्या असलेल्या पुतण्याकडे क्षणभर बघितलं, मान आत घेतली, आणि जे सांगायचं ते आबांच्या तोंडावर सांगितलं. आबांनीही त्याला तिथल्या तिथे उत्तर दिलं. कंडक्टरने घंटी मारली. ते काय बोलत होते हे इंजिनाच्या आवाजात गिरधरला ऐकू आलं नाही, आणि ऐकून घ्यायचं त्याला काही कारणही उरलं नव्हतं.