अत्तारचाचांची चिठ्ठी

शनिवार पेठेतले अत्तारचाचा बंद पडलेला कॉम्प्युटर उघडण्याआधी त्याचा वास घेतात. जाळीला नाक लावतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "उदबत्ती. रोज दोन." किंवा, "चहा. आल्याचा." गिऱ्हाईक ओशाळतं.

दुरुस्तीनंतर ते मशीनच्या पोटाला खऱ्या कारणाची चिठ्ठी चिकटवतात : ‘धूळ’, ‘मुंग्या’, ‘गादीवर ठेवून गुदमरला’. एका साहेबांनी ‘व्होल्टेज’ लिहायची विनंती केली. चाचा म्हणाले, "पुण्यात सगळ्यांचं व्होल्टेजच असतं. चहा कुणी सांडतच नाही." आणि ‘चहा’ लिहून खाली दोन रेघा मारल्या.

माझा लॅपटॉप तापून बंद पडला, तेव्हा हडपसरहून आईही हट्टानं सोबत आली. ती मार्केट यार्डात कांदा निवडते. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. दुकान वरच्या मजल्यावर. वर माझ्याच वयाची दोन मुलं दिसली, म्हणून मी आईला जिन्याखाली थांबवलं. हे लिहितानाही लाज वाटते.

"काय झालं?"

"व्होल्टेज असेल, चाचा."

त्यांनी वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि झाकण काढलं. आत हळद, कुंकू आणि पंख्याच्या पात्यात अडकलेल्या अक्षता. खंडेनवमीला आईनं आपल्या विळ्याशेजारी माझा लॅपटॉप पुजला होता. पालथा घालून. त्याचं तोंड कुठलं, हे तिला कोण सांगणार?

मुलं खो खो हसली. "कुणी केलं रे हे?" एकानं विचारलं.

"घरमालकीणबाईंनी," मी म्हणालो.

"मी केलं ओ," मागून आवाज आला. आई दारात उभी होती. "त्याचं हत्यार हाय ते, म्हणून. दादा, माझ्यामुळं बिघडलं का?"

तिनं किती ऐकलं, हे मी अजून विचारलेलं नाही.

चाचांनी अक्षता मुठीत झाकल्या. उठून स्वतःचं स्टूल तिला दिलं. "नाही ताई. तुमच्यामुळे कसं? व्होल्टेज."

आईनं सुटकेचा श्वास सोडला.

तिला पाणी देऊन चाचा माझ्या कानाशी आले. "माझी अम्मी रोज सकाळी या पकडीवर दुआ फुंकायची. गिऱ्हाइकं हसायची. एक दिवस मी तिला म्हटलं, दुकानात येत जाऊ नकोस." पकड त्यांनी उगाचच पुसली. "नाही आली परत."

लॅपटॉपवर आता ‘व्होल्टेज’ची चिठ्ठी आहे. चाचांनी लिहिलेलं बहुधा हे एकच खोटं कारण. घरी कुणी आलं की आई लॅपटॉप उलटा करून ती कौतुकानं दाखवते. मी खाली बघत बसतो.