ग्राहक नसताना बसण्याबाबत

माणूस दोन पायांवर उभा राहिला आणि त्याची प्रगती सुरू झाली, हे शास्त्राने मान्य केलेलं आहे. आमच्या फर्निचरच्या दुकानात ही प्रगती सकाळी शटर वर जाताच सुरू होते आणि खाली येईपर्यंत थांबत नाही. दुकानात सोफे, खुर्च्या, आरामखुर्च्या मिळून दीडेकशे माणसं सहज बसतील. बसायचं कोणी, हे मात्र ठरलेलं आहे : ग्राहकाने. कर्मचारी बसला की गादी दबते आणि दबलेली गादी विकली जात नाही. (दबलेला कर्मचारी कुठेही चालतो.) मी गल्ला सांभाळतो. उभ्याने हिशेब चुकतो असं मालकांचं मत असल्यामुळे मला खुर्ची आहे. त्यामुळे पुढच्या सगळ्या प्रकरणाकडे मी तटस्थपणे पाहू शकलो.

आमचा विक्री विभाग म्हणजे वहिनी. त्यांचे यजमान पूर्वी इथेच पॉलिशचं काम करायचे, तेव्हापासून सगळे त्यांना वहिनीच म्हणतात. मालकही म्हणतात. दिराकडे पगारवाढ मागणं वहिनीला बरं दिसत नाही, ही त्यातली सोय. वर्षानुवर्षं उभं राहून वहिनींच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी आल्या. डॉक्टरांनी सांगितलं, "दिवसातून चार वेळा पाय वर घेऊन बसा, नाहीतर ऑपरेशन." ऑपरेशनचा खर्च सांगण्याआधी तर त्यांनी वहिनींना मुद्दाम खुर्चीवर बसवलं.

यावर राज्याच्या विधिमंडळात एक विधेयक आधीच आलेलं होतं. दुकानातल्या कामगाराला बसायला जागा द्यावी आणि उभं राहून जडलेल्या दुखण्याचा खर्च मालकाने उचलावा, एवढंच त्यात होतं. ते एका समितीकडे गेलं. समिती त्यावर अनेकदा बसली. बसण्याचा विचार बसूनच करावा लागतो, त्यात वावगं काही नाही. दर वेळी विषय अधिक सखोल निघाला आणि पुढच्या बैठकीवर गेला.

कामगार संघटनेने समितीच्या आमदारांना भेटायला दुकानांतल्या बायकांना बोलावलं. वहिनींनी मालकांकडे सुट्टी मागितली.

"जा की," मालक म्हणाले. "आजारपणाची धरू की बिनपगारी?"

"आजारपणाची असते का आपल्याकडे?"

"नसते. पण विचारायची पद्धत आहे."

वहिनी गेल्या नाहीत. पण नशीब बघा, पुढच्याच आठवड्यात त्या समितीतले आमच्या भागाचे आमदार कार्यालयासाठी आरामखुर्ची बघायला स्वतः दुकानात आले. निवडणुकीला सतत उभं राहिल्यामुळे त्यांची कंबर धरली होती. वहिनींनी त्यांना सगळ्यात महागड्या खुर्चीत बसवलं, बाजूचं हँडल ओढलं, आणि साहेब पाय वर करून आडवे झाले.

"मला डॉक्टरांनी असंच बसायला सांगितलंय," वहिनी म्हणाल्या.

"मग घ्या ना एखादी," साहेब डोळे मिटून म्हणाले.

"घेणं राहिलं बाजूला, बसायचीही परवानगी नाही. तुमच्या समितीत आमचं विधेयक अडकलंय. ते पुढे सरकवा."

"कुठलं हो?"

"बसायचं."

साहेबांनी डोळे उघडले. "ताई, त्याला अनेक पैलू आहेत. जरा उठवता मला?"

"हँडल घट्ट आहे साहेब. नवा माल आहे." वहिनींनी पोटरीवरची पट्टी सोडली आणि पाय त्यांच्या समोर धरला. "हा एक पैलू. दुसरा पाय बघता?"

साहेबांनी दोन्ही पाय पाहिले. मग वहिनी बोलत राहिल्या. सकाळी पाय जमिनीला टेकवताना काय होतं, जिना कसा चढतात, ऑपरेशनला किती पगार लागतील. आवाज चढवला नाही, माल दाखवताना बोलतात तशाच बोलल्या. या विधेयकावर एखाद्या आमदाराने शेवटपर्यंत ऐकून घेतल्याची ही पहिलीच नोंद असावी. (हँडल घट्ट नव्हतं. पण मी तटस्थ होतो.) उठल्यावर साहेबांनी खुर्ची साधीच घेतली.

त्याच अधिवेशनात विधेयक मंजूर झालं. दुरुस्त्या झाल्या, त्या व्हायच्याच. खर्च निम्मा, आणि बसायचं ते 'ग्राहक नसताना'. मालकांनी दीडेकशे जागांत एका प्लास्टिकच्या स्टुलाची भर घातली आणि पाय ठेवायला एक खोकं दिलं. पहिल्या दिवशी वहिनी स्टुलावर टेकल्या, पाय खोक्यावर घेतले. मग म्हणाल्या, "इथून दुकान वेगळंच दिसतं हो." दोन महिन्यांत सूज उतरली. ऑपरेशन टळेल असं डॉक्टर म्हणाले. वहिनी हल्ली काम करताना गुणगुणतात.

विक्री मात्र उतरली. मालक कायदा मोडणाऱ्यातले नाहीत. "बसा तुम्ही निवांत," ते वहिनींना म्हणाले, "फक्त महिनाअखेरीला विक्री बघू."

गेल्या रविवारी तुम्ही जेवणाचं टेबल बघायला आला होतात. कामगारांच्या बाजूचे आहात, बोलण्यावरून कळत होतं. काचेतून तुम्हाला स्टुलावरच्या वहिनी दिसल्या. "इथे कोणाला पडलेली दिसत नाही," असं सोबतच्यांना म्हणालात आणि समोरच्या दुकानात गेलात. कायद्याप्रमाणे स्टूल तिथेही आहे, त्यावर फुलदाणी ठेवली आहे. तिथली मुलगी दारातच उभी होती.

वहिनी उठतच होत्या. त्यांना उठायला जरा वेळ लागतो.