हारापुरती बोटे

‘त्रिमितीय मुद्रण : परिचय व संभाव्य उपयोग’ या विषयावर एकदिवसीय कार्यशाळा घेण्याचे दिंडोरी रस्त्यावरील एका तंत्रनिकेतनाने ठरवले, तेव्हा स्वागत, मंडप, भोजन, छायाचित्रण आणि शिस्त अशा उपसमित्या तत्काळ नेमण्यात आल्या. विषय समजून घेण्यासाठी समिती नेमावी, असे मात्र कोणालाही सुचले नाही. ते काम कंत्राटी अधिव्याख्याता दीपक बोरस्ते याच्या गळ्यात पडले. कंत्राटी माणसाचा गळा अशा कामांना सोयीचा असतो.

दीपकला विषय खरोखर आवडत होता, ही त्याची पहिली चूक. संगणकावर वस्तू रेखावी, यंत्राने प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर चढवावा आणि कागदावर अक्षर उमटावे तशी टेबलावर वस्तूच उभी राहावी, याचे त्याला अजून नवल वाटे. दुसरी चूक अशी, की यंत्राचा एक उपयोग त्याने मनाशी पक्का करून टाकला होता. कॉलेजच्या फाटकाशी मखमलाबादची विठाबाई हार विकायला बसे. जनावरांचा चारा कापताना कुट्टी मशीनमध्ये तिच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली होती, तीही नेमकी अंगठ्याशेजारची. सुई धरता येईना. सून ओवील तेवढेच हार टोपलीत येत, आणि सुनेला ओवण्याचा भारी कंटाळा. दीपकने विठाबाईच्या हाताचे माप घेतले, अंगठ्याला टेकतील अशी दोन बोटे संगणकावर रचली आणि शब्द दिला : दसऱ्याच्या आत.

“सुई धरता आली पायजे बरं का, सर,” ती म्हणाली. “नुसती शोभेची नकोत. शोभेला माझी सून हाय.”

“धरता येईल, मावशी.”

यंत्र आले. “पहिली वस्तू मंगल हवी,” असे प्राचार्या डॉ. तेजस्विनी देवरे म्हणाल्या; म्हणून गणपती छापण्यात आला. पूजेत नारळ फोडल्यास पाणी उडून यंत्राची वॉरंटी जाईल, अशी शंका खरेदी विभागाने काढली. म्हणून यंत्राने आपल्या पूजेचा नारळ आपणच छापला. तो फुटेना. न फुटणारा नारळ अशुभ नसून टिकाऊ होय, असा निर्णय झाला आणि तो इतिवृत्तात नोंदवला गेला.

मग संस्थापकांचा अर्धपुतळा. यंत्राला हुजरेगिरी येत नसल्याने त्याने फोटोत होते तेवढे नाक छापले. संस्थापकांचे चिरंजीव आणि विद्यमान अध्यक्ष आबासाहेब पुतळ्यापुढे बराच वेळ उभे राहिले.

“आमच्या दादांचं नाक एवढं नव्हतं.”

दीपकने फोटो पुढे केला.

“फोटो चुकलाय,” आबासाहेब म्हणाले.

नाक कमी करण्यात आले. मग ते फार कमी झाल्याचे आढळले. पुतळे होत राहिले, तार संपत राहिली. अखेर नाक आबासाहेबांच्या स्वतःच्या नाकाशी जुळले, तेव्हा “हुबेहूब दादा!” असा उद्गार निघाला आणि तोच नमुना पाहुण्यांच्या स्मृतिचिन्हांसाठी कायम झाला.

“सर, माझी बोटं?” फाटकाशी विठाबाईने विचारले.

“रांगेत आहेत, मावशी.”

“कोणाच्या मागं?”

“सध्या नाकाच्या.”

“मंग लय लांबची रांग,” ती म्हणाली. “मोठ्यांचं नाक हाय ते.”

कार्यशाळा तोंडावर आली, तेव्हा स्वागत समितीला हारांची आठवण झाली. संस्थेच्या प्रथेप्रमाणे व्यासपीठावरील प्रत्येकाला, आणि व्यासपीठावर जागा न मिळाल्याने रुसलेल्यांनाही, हार लागे. एवढे हार सांगायला समिती फाटकाशी गेली. विठाबाईने उजवा पंजा वर केला.

“बोटं द्या, हार देते.”

हे उत्तर प्राचार्यांपुढे आले.

“बोरस्ते, तार किती उरली आहे?”

“बोटांपुरती, मॅडम.”

“हारांपुरती होईल?”

“पण ती बोटं...”

“पाहुण्यांच्या गळ्यात काय घालणार? बोटं?” प्राचार्यांनी चष्मा काढला. “तुमचं कंत्राट दसऱ्यालाच संपतंय ना?”

तार हारांपुरती झाली. कंत्राट संपायला आलेल्या माणसाच्या हाताला अशी बरकत असते. दीपकने जाळीदार, पोकळ पाकळ्यांची शेवंती रचली. बोटांसाठी योजलेले कौशल्य त्याने पाकळ्यांत ओतले आणि हार असे देखणे उतरले, की त्याला स्वतःलाच क्षणभर अभिमान वाटला. ही त्याची तिसरी चूक. पण तोवर मोजणे सुटले होते.

कार्यशाळेत प्रमुख पाहुण्यांनी हार चाचपून पाहिला. कोमेजत नाही, गळत नाही, शर्टाला डाग पाडत नाही, कार्यक्रमानंतर धुऊन पुढच्या पाहुण्याला घालता येतो! आबासाहेबांनी तिथल्या तिथे जाहीर केले, की यापुढे संस्थेच्या एकाही शाखेत फुलांचा हार येणार नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. नेमक्या त्या कडकडाटात, कार्यक्रमपत्रिकेबरहुकूम, ‘लाभार्थी’ विठाबाईला व्यासपीठावर बोलावण्यात आले.

बोटे तयार नाहीत, हे सांगायला दीपक ध्वनिक्षेपकाकडे वळला. पण प्राचार्या आधीच उठल्या होत्या.

“सदर महिलेची मागणी हार ओवण्याकरिता बोटे मिळण्याची होती,” त्या म्हणाल्या. “नव्या तंत्रज्ञानामुळे हार ओवण्याची गरजच संपुष्टात आली आहे. सबब त्यांची अडचण कायमची दूर झाली. त्यांचं अभिनंदन!”

विठाबाईच्या गळ्यात प्लॅस्टिकची शेवंती पडली. तिने हार बघितला, मग दीपककडे बघितले.

“मंग ही तीन कशाला ठेवली मला?” तिने पंजा पुढे केला. “ही बी घ्या कापून, सर. मागणीच उरणार नाय.”

सभागृह मनापासून हसले. ग्रामीण विनोदाची जाण सर्वांनाच होती. दीपकही हसला; व्यासपीठावरून प्राचार्या बघत होत्या.

त्याचे कंत्राट वाढले. विठाबाईची फाटकाजवळची जागा दसऱ्याला पार्किंगसाठी मोकळी झाली. उरलेल्या हारांतला एक दीपकने घरी नेऊन वडिलांच्या फोटोला घातला. आई म्हणाली, “बरं झालं, रोज फुलं आणायची पायपीट वाचली.”

वाचकहो, दीपकचा तुम्हाला राग आला असेल, तर तो योग्यच आहे. तो तसाच धरून ठेवा आणि आपल्या दिवाणखान्यात जा. तिथल्या फोटोला हार आहे ना? तो कधी बदलला, हे विचारत नाही. त्यावरची धूळ पुसता केव्हा, तेवढेच सांगा. तो यंत्रावर छापलेला नाही, हे तुमचे म्हणणे मान्य. तुम्ही यंत्राचीसुद्धा वाट पाहिली नव्हती.